घराजवळ वेगळा भुंगेरा दिसला तर: आधी फोटो, मग हात

जून लागला की गोव्यात ज्याच्या त्याच्या फोनमध्ये एक तरी भुंगेरा असतोच. आणि मग तो फोटो येतो, "हा कुठला हो?" म्हणून. फोटोत काय, तर बाथरूमची पांढरी टाइल, वरून मारलेला फ्लॅश, पाठीवर पांढराफटक डाग, पाय आखडून घेतलेले कारण तोवर दोघातिघांनी उचलून बघितलेला असतो, आणि वर व्हॉट्सअ‍ॅपने आवळून फोटोचा पार चिखल केलेला. ह्यावरून कितीही जाणकार माणूस "भुंगेरा आहे" ह्यापलीकडे काय सांगणार? फोन स्वस्तातला आहे म्हणून असं होत नाही, क्रम चुकतो म्हणून होतं. लोक आधी पकडतात, मग फोटो काढतात, आणि कुठे सापडला होता ते दुसऱ्या दिवशी आठवत बसतात. हे सगळं उलट्या क्रमाने करायचं असतं, ते कसं ते खाली एकेक करून लिहितो.

१. मुळात तो भुंगेरा आहे का?

पाठीकडे बघा. भुंगेऱ्याचे पुढचे दोन पंख कडक झालेले असतात आणि मिटले की पाठीच्या मधोमध एक सरळ रेघ दिसते. ती रेघ दिसली की बहुतेक काम झालं. ढेकणाच्या जातीतल्या किड्यांना पाठीवर त्रिकोण असतो, पंखांची मऊ टोकं एकावर एक चढलेली असतात आणि तोंडाची सोंड पोटाखाली दुमडून ठेवलेली असते.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते हिरव्या-निळ्या चमकणाऱ्या, काळ्या ठिपक्यांच्या किड्याला. पानांमागे घोळक्याने बसतो, पाठ एकदम टणक दिसते, आणि हौसेने "दुर्मिळ भुंगेरा" म्हणून फोटो टाकला जातो. तो ज्वेल बग, म्हणजे ढेकणाचाच भाऊबंद. त्याच्या पाठीवर एकच अखंड ढाल असते, मधली रेघ नसते. झूम करून रेघ शोधा, नाही मिळाली तर भुंगेरा नाही.

अपवाद आहेत. सोंड्या भुंगेऱ्यालाही सोंड असते पण ती पुढे आलेली, कडक, आणि मिशा त्या सोंडेवरच कोपरात वाकल्यासारख्या उगवलेल्या. काही भुंगेऱ्यांचे कडक पंख इतके आखूड असतात की अर्धं पोट उघडंच राहतं. त्यातला एक खाली इशाऱ्यात येतोय, तो नीट वाचा.

२. रोजचे चेहरे आधी पाठ करा

वेगळा म्हणजे कशापेक्षा वेगळा? घराभोवतीचे नेहमीचे माहीत नसतील तर प्रत्येकच वेगळा वाटतो. गोव्यातल्या घराजवळ हे हमखास भेटतात: नाकावर शिंग असलेला, माडाचा शत्रू गेंड्या भुंगा (चुडतांना, म्हणजे माडाच्या झावळ्यांना, त्रिकोणी कापे दिसले की तो वर कोंबात येऊन गेलाय असं समजा), माडावरचाच तांबूस लाल सोंड्या, पहिल्या पावसानंतर संध्याकाळी झाडांवर गोळा होणारे हुमणीचे तपकिरी भुंगेरे, काजूच्या बुंध्यात भोकं पाडणाऱ्या खोडकिड्याचा लांब मिशांचा भुंगेरा, वांग्याच्या पानांची जाळी करणारा ठिपकेवाला, तांदळाच्या डब्यातले बारीक सोंडे, आणि काजवे. हो, काजवा हाही भुंगेराच, माशी नव्हे.

ह्या सगळ्यांचे स्वतः काढलेले फोटो फोनमध्ये एका अल्बममध्ये ठेवा. सरावही होतो, आणि नवीन काही दिसलं की दोन मिनिटांत ताडून बघता येतं.

३. कुठे आणि कधी बघायचं

जंगलात जायची काही गरज नाही. परसातली रताळ्याची वेल, किनाऱ्यावरची मर्यादवेल, ओहोळाकाठची बेशरम, ही सगळी एकाच कुळातली. पानांवर गोल गोल भोकं दिसली की पान हळूच उलटं करा. कासवासारखा दिसणारा एक भुंगेरा ह्या कुळावर असतो, नखाएवढा, शरीराच्या चहूबाजूंनी आरपार दिसणारी कड, त्या कडेखाली पाय आणि डोकं पूर्ण झाकलेलं, आणि काही जाती तर लखलखीत सोनेरी. मजा म्हणजे मेल्यावर ते सोनं उतरतं आणि मळकट तपकिरी राहतो, म्हणून "घरी नेऊन निवांत फोटो काढू" हा विचार ह्याच्या बाबतीत तरी डोक्यातून काढा. शेजारच्या पानावर पाठीवर स्वतःचीच कात आणि विष्ठा छत्रीसारखी धरून बसलेलं काटेरी पिल्लू दिसलं तर तेही टिपा, ते ह्याचंच.

बाकी जागा: ताजा तोडलेला काजू-आंब्याचा ओंडका (लांब मिशांचे इथेच येतात), कुजलेली सुपारीची झाडं, गुरांचं शेण, चिऱ्यांच्या गडग्याच्या फटी, कुळागरातला (सुपारीच्या बागेतला) पाचोळा, फुललेली झुडपं. सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) आणि रेतीवर टायगर बीटल, म्हणजे वेगाने पळणारे शिकारी भुंगेरे, दिसतात, त्यांच्या मागे धावून काही होत नाही, एका जागी बसून राहिलं तर तेच जवळ येऊन थांबतात. चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-फुलांच्या चौकटीचं) सामान आणलं की ते बांधायच्या आधी जुन्या वर्तमानपत्रावर झटकून बघा, रानातल्या फळांबरोबर बारीक सोंडे भुंगेरे बरेचदा घरपोच येतात.

वेळ म्हणाल तर सकाळी ऊन चढायच्या आत, तेव्हा हालचाल मंद असते. रात्री पडवीच्या दिव्याखाली. अमावस्येच्या आसपासची, दमट, वारा नसलेली रात्र उत्तम. आता सगळीकडे एलईडी आले, त्यावर किडे कमी येतात, त्यामुळे जुना सीएफएल किंवा काळ्या प्रकाशाची म्हणजे यूव्ही ट्यूब असेल तर पांढऱ्या चादरीसमोर लावा, पण त्या ट्यूबकडे टक लावून बघू नका. तासा-दोन तासांत दिवा बंद करा. रात्रभर चालू ठेवलात तर सकाळी पाली आणि बेडूक तेवढे गुटगुटीत झालेले दिसतील, भुंगेऱ्यांचे नुसते पंख उरतील.

> इशारा: दिव्यावर मुंगीसारखा बारीक, नारिंगी-काळा, अर्ध्या पंखांचा किडा येतो, सेंटिमीटरच्या आतला. हा चावत नाही, पण अंगावर चिरडला गेला की त्यातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं. मानेवर बसला तर थप्पड नको, फुंकर मारून उडवा आणि जागा साबणाने धुवा.

> इशारा: पावसात गडगे आणि ओंडके उचकताना उघडा हात घालू नका. फुरसं, घोणस, मण्यार, सगळ्यांनाच ती जागा आवडते. काठी, टॉर्च आणि बंद बूट. सत्तरी तालुक्यात गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत, त्यामुळे जानेवारी ते मे रानकडेला गेलात तर पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर गोचिडी तपासा.

४. तयारी: भुंगेरा दिसायच्या आधीची

हे सगळं एका पिशवीत दाराजवळ टांगलेलं पाहिजे, दिसल्यावर शोधाशोध करायला वेळ मिळत नाही.

- फोन किंवा कॅमेरा, चार्ज केलेला. पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून पॉवर बँकसुद्धा.
- दहा रुपयांचं नाणं. ह्याचा व्यास २७ मिलिमीटर, मापासाठी हेच ठेवा. एक, दोन आणि पाचची नाणी वेगवेगळ्या वर्षांची वेगवेगळ्या मापाची आहेत, नुसत्या फोटोवरून घोळ होतो.
- बटर पेपर किंवा पांढरा टिश्यू, रबरबँड.
- झाकणाला भोकं असलेला पारदर्शक डबा, एक मऊ ब्रश.
- कपडे वाळत घालायचे दोन चिमटे, हलणारी फांदी धरायला.
- वही-पेन्सिल. पेन भिजलेल्या कागदावर चालत नाही.

आता लेन्स. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये वेगळा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायचा) कॅमेरा दिलेला असतो, तो सरळ विसरा. मुख्य कॅमेऱ्याने जरा लांबून, २एक्सवर काढून नंतर कापलेला फोटो त्याच्यापेक्षा चांगला येतो. त्याहून बरं म्हणजे चिमट्यावर बसणारी मॅक्रो लेन्स, काही सेंटिमीटरवर फोकस होते. कॅमेरावाल्यांना ९० किंवा १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असेल तर प्रश्नच नाही.

> तपासा: एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर आणलात का? लेन्सवर वाफ धरणारच. पुसत बसू नका, पुन्हा धरते. पिशवीतच बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहू द्या. रात्री दिवा लावणार असाल तर कॅमेरा संध्याकाळपासूनच पडवीत ठेवा.

५. दिसल्यावरचा पहिला मिनिट

इथेच सगळ्यांचं बिघडतं, म्हणून क्रम पाठच करा.

पहिला फोटो जिथे उभे आहात तिथूनच. भुंगेरा ठिपक्याएवढा आला तरी चालेल. उडून गेला तर निदान हा तरी हातात राहतो, आणि कुठल्या जागी होता ते ह्यातच दिसतं.

मग दोन पावलं पुढे, परत एक. मग आणखी जवळ. तुमची सावली त्याच्यावर पडता कामा नये, सावली पडली की बरेच भुंगेरे पाय सोडून खाली पाचोळ्यात टपकतात आणि मेल्याचं सोंग घेतात, मग शोधत बसा. पान किंवा फांदीखाली डबा धरून ठेवला तर टपकला तरी डब्यातच येतो. ही युक्ती साधी आहे पण लोक करत नाहीत.

तिसरी गोष्ट, झाड. ज्या झाडावर आहे त्याचं पान दोन्ही बाजूंनी, फूल किंवा फळ असेल तर तेही. भुंगेऱ्यांच्या कित्येक जाती ठराविक झाडांवरच खातात, त्यामुळे झाडाच्या एका फोटोने अर्धे पर्याय गळतात. हे मी कितीदा सांगतो तरी दहातल्या नऊ जणांच्या फोटोत झाड नसतंच.

हात अजून लावायचा नाहीये.

६. उजेड

भुंगेऱ्याची पाठ चकचकीत असते, समोर जे असेल ते त्यात दिसतं. दुपारचं ऊन किंवा उघडा फ्लॅश म्हणजे पाठीवर पांढरा डाग, आणि त्या डागाखाली जे ठिपके, रेघा, खळगे होते ते गेले. एडिट करून परत येत नाहीत.

उपाय सोपा आहे. उजेड मोठा आणि मऊ करा. दिवसा असाल तर सावलीत या, किंवा कोणाला तरी भुंगेरा आणि सूर्य ह्यांच्या मधे बटर पेपर धरायला सांगा. रात्री फोनचा फ्लॅश बंद करा, दुसऱ्या फोनच्या टॉर्चवर दोन पदरी टिश्यू रबरबँडने बांधा आणि बाजूने, तिरका, अगदी जवळून धरा. कॅमेऱ्याच्या फ्लॅशवर बटर पेपरची कमान करा, जितकी मोठी आणि भुंगेऱ्याच्या जितकी जवळ तितका डाग पसरतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं खाली आणा, उणे ०.७ ते उणे १. काळा भुंगेरा असेल तर फोन त्याला उजळवायच्या नादात करडा करून टाकतो, तिथे तर हे लागतंच.

> तपासा: फोटो झूम करा. पाठीवर पूर्ण पांढरं काही दिसतंय? दिसत असेल तर पुढे जाऊ नका, उजेड बदला.

७. फोकस

इतक्या जवळून फोकसची जाडी जेमतेम मिलिमीटरभर असते, म्हणून डोळा स्पष्ट आणि शेपूट धुरकट असे फोटो येतात. फोन किंवा कॅमेरा पाठीला समांतर धरा, तिरका नको, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. कॅमेऱ्यावर अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ते एफ ११, शटर १/२००, आयएसओ जमेल तितका कमी, फ्लॅश चालू. एफ १६च्या पुढे गेलात तर सगळंच थोडं मऊ पडायला लागतं, तो मोह टाळा.

फोनवर बोट दाबून फोकस लॉक करा, मग झूमशी खेळू नका, शरीर मागेपुढे डोलवा आणि बर्स्ट मारा, म्हणजे एका दमात बरेच फोटो काढा. कोपर गुडघ्यावर टेकवा. वाऱ्याने फांदी हलत असेल तर चिमट्याने शेजारच्या काठीला बांधा. ज्या फोनमध्ये जवळ गेलं की आपोआप लेन्स बदलते तो ऑटो मॅक्रो बंद करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी चित्र उडी मारतं.

८. कोणकोणते फोटो हवेतच

एक सुंदर फोटो असण्यापेक्षा पाच बरे फोटो असणं ओळखीसाठी जास्त कामाचं. वरून पूर्ण पाठ, बाजूने, समोरून तोंड, मिशा, पाय. आणि जमलं तर पोट.

मिशांवर जरा थांबा, कारण कुटुंब बहुतेक वेळा तिथेच कळतं. टोकाला पंख्यासारख्या उघडणाऱ्या पाकळ्या असतील तर तो शेणकिडे-हुमणी-गेंड्या ह्यांच्या घराण्यातला. शरीराएवढ्या किंवा त्याहून लांब असतील तर लाकूड पोखरणाऱ्यांतला. कोपरात वाकलेल्या आणि सोंडेवर असतील तर सोंड्या. फोटोत मिशा कापल्या जाणं ही फार नेहमीची चूक, लांब मिशांच्या भुंगेऱ्याला फ्रेममध्ये चांगली मोकळी जागा सोडा.

पायांचे फोटो कोणीच काढत नाही. पण पावलाला किती सांधे आहेत ह्यावरून जाणकार पुष्कळ काही सांगतात, उदाहरणार्थ पुढच्या दोन जोड्यांना पाच-पाच आणि मागच्या जोडीला चार असे सांधे असलेली काही ठराविकच कुटुंबं आहेत. डब्याच्या पारदर्शक तळावर चालू दिला आणि खालून फोटो काढला की पाय आणि पोट दोन्ही मिळतात, हाताने उलटा करायची गरजच पडत नाही.

शेवटी शेजारी नाणं ठेवून एक. नाणं भुंगेऱ्याच्याच पातळीवर हवं, पुढे किंवा मागे ठेवलं की माप खोटं येतं.

९. डब्यात ठेवायचा असेल तर

आता कुठे हात. तोही शक्यतो ब्रशने ढकलून डब्यात.

> इशारा: भेंडी-जास्वंदीच्या फुलांत बसणारे काळे, नारिंगी पट्ट्यांचे ब्लिस्टर बीटल बोटांनी उचलू नका, त्यांच्या रक्तातल्या द्रव्याने फोड येतात. बॉम्बार्डियर बीटल मागून जवळजवळ उकळता फवारा मारतो, आवाजासकट. ओळखत नसाल तर सगळेच ह्यातले समजा.

डब्यात एक ओलसर टिश्यू, ज्या झाडावर होता त्याचं एक पान, सावली. एका डब्यात एकच, दोन ठेवले तर सकाळी एकच मिळू शकतो. उन्हात ठेवलेल्या गाडीत तर अजिबात नको.

आणि तो फ्रिजचा सल्ला. "पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, शांत बसतो" असं सगळीकडे सांगतात. आपल्या हवेत हे दुप्पट चुकीचं आहे. विसरलात किंवा फ्रीजरमध्ये गेला तर मरतो ते आहेच, पण बाहेर काढल्या काढल्या दमट हवेने त्याच्या अंगभर दव साठतं आणि फोटोत पाण्याचे थेंब तेवढे दिसतात. त्यापेक्षा डबा अर्धा तास अंधारात ठेवा, बहुतेक भुंगेरे आपणहून थांबतात.

फोटो झाले की जिथून उचलला तिथेच, त्याच झाडावर सोडा. आणि मोले, बोंडला, खोतिगाव, नेत्रावळी, म्हादई ह्या अभयारण्यांत असाल तर हा टप्पा पूर्ण वगळा. तिथून परवानगीशिवाय किडासुद्धा उचलायचा नाही, मेलेलाही नाही.

१०. नोंद, तिथल्या तिथे

तारीख, वेळ, गाव आणि वाडा, झाड, काय करत होता (खात, जोडीत, दिव्यावर आलेला), हवा कशी होती, लांबी. सहा-सात शब्दांचं काम आहे. दिव्यावर आला असेल तर "दिव्यावर" असं स्पष्ट लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं तो भिंतीवरच राहतो.

फोनचं लोकेशन चालू आहे का ते आधीच बघा. आणि मूळ फोटो ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेली प्रत लहान होते आणि तिच्यातली तारीख-जागा पुसली जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

११. ओळख पटवणं

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ह्या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर टाका. एका भुंगेऱ्याचे सगळे फोटो एकाच नोंदीत, प्रत्येक फोटोची वेगळी नोंद करू नका, हा घोळ फार होतो. आणि उलटंही नको, त्याच पानावरचे दोन वेगळे भुंगेरे एका नोंदीत घातलेत तर कोणीच उत्तर देत नाही.

घराच्या अंगणात काढला असेल तर जागा अस्पष्ट ठेवायचा पर्याय निवडा, नाहीतर तुमच्या घराचा नकाशावरचा ठिपका जगजाहीर होतो.

अ‍ॅप जे पहिलं नाव सुचवतं ते डोळे झाकून दाबू नका. फोटो दिसायला जुळला म्हणून अमेरिकेतल्या जातीचं नाव आपल्या परसातल्या भुंगेऱ्याला बऱ्याच वेळा चिकटतं. जवळपास नोंद आहे का ते बघा, नसेल तर कुटुंबापर्यंत थांबा. "लाँगहॉर्न बीटलचं कुटुंब" एवढंच लिहिलेली नोंद योग्य माणसापर्यंत लवकर पोचते, चुकीच्या नेमक्या नावाने ती भलत्याच ठिकाणी पडून राहते. कोणी दुरुस्ती केली तर "कशावरून?" असं सरळ विचारा, बहुतेक जण आनंदाने सांगतात, आणि पुढच्या वेळी कुठला फोटो काढायला हवा ते त्यातूनच समजतं.

उत्तर यायला महिने लागू शकतात, काही भुंगेरे फोटोवरून जातीपर्यंत ओळखताच येत नाहीत, अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. दुर्मिळ, नवी जात, पहिलीच नोंद वगैरे मथळे तोवर स्टेटसला लावू नका.

१२. कॅमेरा सुकवा

हे लोक टाळतात आणि सप्टेंबरात लेन्समध्ये बुरशीची जाळी बघून रडतात. पावसाळ्यात कॅमेरा कापडी बॅगेत ठेवायचा नाही. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल, आणि जेल रंग बदलल्यावर तापवून परत वापरायचं. चिमट्याची लेन्स पण त्याच डब्यात. बाहेरून आल्यावर आधी पंख्याखाली कोरडं करा, मग डबा बंद करा, ओला कॅमेरा आत ठेवलात तर बुरशीला घर बांधून दिल्यासारखं होतं.